मदत हवी आहे: बाबा ७८ वर्षांचे, फिट चाचणी पॉझिटिव्ह. कोलोनोस्कोपी करावी का?

नमस्कार. बाबांना काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. बाकी तब्येत बरी, स्वतःचं सगळं स्वतः करतात.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी फिट चाचणी सांगितली. छोटीशी बाटली, तिच्या झाकणाला खाचांची काडी. बाबांनी पहाटे उठून कुणाला न सांगता नमुना घेतला आणि बाटलीवर आपल्या ठसठशीत अक्षरात तारीख-वेळ लिहून ठेवली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करा म्हणतात.

दादाचा विरोध आहे. पंचाहत्तरीनंतर आतड्याच्या कर्करोगाची स्क्रीनिंग सरसकट करायची नसते, असं त्याने वाचलंय. मीही वाचलं, तो चूक नाही. आतड्यातल्या पॉलिपचा (अस्तरावरच्या छोट्या मांसल वाढीचा) कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे आज पॉलिप काढल्याचा फायदा पुढे कधीतरी, आणि जुलाबाच्या औषधाने येणारा गळाठा, भुलेची जोखीम, क्वचित आतड्याला पडणारं छिद्र, हे सगळं आत्ताच. बाबांचं म्हणणं वेगळंच. "मूळव्याध जुनीच आहे माझी. परत एकदा चाचणी करू, निगेटिव्ह आली की विषय संपला."

मला मात्र जिना दिसतो. हल्ली दुसऱ्या मजल्यावर पोचले की बाबा थांबतात, चपलेत खडा गेला म्हणतात आणि भिंतीला हात टेकून बराच वेळ चप्पल झटकतात. काल जुनी फाइल काढली. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन १३.१ होतं, यंदा १०.६. "वयोमानाने होतं" म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं होतं.

या वयात कुणाच्या घरी ही तपासणी झाली आहे का? पुन्हा फिट केली तर चालेल का? बाबांच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही, पण घाबरून गप्पही बसायचं नाही.

प्रतिसाद १

आमच्या आईची ८० व्या वर्षी झाली, म्हणून लिहिते.

तुमचे दादा म्हणतात तो नियम काहीच त्रास नसलेल्यांसाठी आहे. अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीतही ४५ ते ७५ पर्यंत नियमित तपासणी आणि ७६ ते ८५ मध्ये प्रकृती, आधीच्या तपासण्या आणि त्या माणसाची इच्छा पाहून ठरवा, असंच आहे. पण बाबांचं हिमोग्लोबिन उतरलंय आणि चाचणी पॉझिटिव्ह आहे. आता ही स्क्रीनिंग राहिली नाही, रक्त कुठून जातंय याचा शोध आहे. त्याला वयाची ती रेघ लागू होत नाही.

पुन्हा फिट करण्यात अर्थ नाही. गाठ किंवा पॉलिप रोज रक्त सांडत नाही, त्यामुळे दुसरी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून पहिली खोटी ठरत नाही. मूळव्याध आहे म्हणून आत दुसरं काही नाही, असंही धरू नका. धीराची गोष्ट ही, की पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कर्करोग निघत नाही. आईचे दोन पॉलिप त्याच वेळी काढले, त्यात काही वाईट निघालं नाही.

आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी, करून घ्या. लोह कमी निघालं तर जठरही दुर्बिणीने पाहायचं का, ते विचारा. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, कारण त्यांनी शौच काळं होऊन आतडं नीट दिसत नाही. स्टेंटची गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. ते हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मूत्रपिंडाचे रिपोर्टही दाखवा, पोट साफ करायचं औषध त्यावरून निवडतात.

औषधाच्या रात्री कुणीतरी सोबत झोपा. आई अंधारात उठताना दोनदा तोल जाऊन दाराला धरून उभी राहिली होती. तपासणीपेक्षा ती रात्र जड गेली.

प्रतिसाद २

बाबांना एकच विचारा: काही निघालं तर उपचार घ्याल का? माझ्या सासऱ्यांनी ८६ व्या वर्षी विचार करून नाही म्हटलं, त्यांचं हृदय फारच थकलं होतं. आम्ही ते मानलं. तुमचे बाबा हिंडते-फिरते आहेत, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. रात्री बाबांसमोर दोन्ही वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि तोच प्रश्न विचारला. चष्मा लावून बराच वेळ आकडे पाहत होते. मग म्हणाले, "खडा नव्हता गं चपलेत. दम लागतो." उपचार घेईन म्हणाले. सोमवारी आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जातोय. दादाने रजा टाकली आहे, औषधाच्या रात्री तो बाबांच्या खोलीत झोपणार आहे. रिपोर्ट आला की इथे लिहीन.