मदत हवी आहे: वाकोशीहून पास तोबूचा काढू की मेट्रोचा?

नमस्कार मंडळी, जपानात राहणारं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा. नवऱ्याला रिकेन या संशोधन संस्थेत पोस्टडॉक मिळालंय म्हणून आम्ही वाकोशीला राहायला आलोय, म्हणजे सायतामात, टोकियोची हद्द संपली की लगेच, आणि आता मलाही टोकियोत ईदाबाशीला नोकरी लागलीये. पासचे पैसे ऑफिस देणार पण मार्ग कुठला ते आधी लिहून द्यायचंय आणि तिथेच गाडी अडलीये.

तर इथे तोबू तोजो ही खासगी लाईन आणि टोकियो मेट्रोच्या युराकुचो, फुकुतोशिन अशा दोन, सगळं एकाच स्टेशनात, गेट एकच. ३ नंबरला मेट्रो लागते आणि त्याच फलाटाच्या पलीकडच्या अंगाला ४ नंबरला तोबूची इकेबुकुरो (टोकियोतलं मोठं जंक्शन). दादरला लाईन बदलायला निदान पूल तरी चढावा लागतो, इथे चार पावलांत कंपनीच बदलते आणि मधे कार्डही टेकवायचं नाही! तोबूची एक्सप्रेस मधे एकट्या नारिमासूला थांबून थेट इकेबुकुरो, आणि युराकुचो सगळी स्टेशनं घेत घेत जाते, त्यामुळे मोह होतो की एक्सप्रेस पकडावी आणि इकेबुकुरोला मेट्रो घ्यावी.

मग मेट्रोचा पास असताना मी तोबूने गेले तर गेटला कळणार कसं? शिवाय पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, ३ नंबरवरच एक गाडी शिन-किबाची (युराकुचो) आणि पुढची मोतोमाची-चुकागाईची (फुकुतोशिन), म्हणजे पार योकोहामा, त्यांना हे कसं समजावू?

प्रतिसाद १
अगं मेट्रोचाच काढ. वाकोशीच्या गेटला काहीच कळत नाही, हिशोब होतो तो बाहेर पडताना. इकेबुकुरोला तोबूची गेटं वेगळी आणि मेट्रोची वेगळी, तू तोबूच्या गेटातून निघालीस की तोबूचं पूर्ण भाडं पास्मो कार्डातून कापलं जाणार, मेट्रोचा पास खिशात असला तरी. रोज असं केलंस तर ऑफिसचा पास एकीकडे आणि तुझे पैसे दुसरीकडे. युराकुचोने ईदाबाशीला थेट जाता येतं, इकेबुकुरो वाटेतच आहे त्यामुळे रविवारी तिथे उतरायचं झालं तर मेट्रोच्या गेटातून फुकट. आणि निशि-कासाईला डाळी-मसाले आणायला जाशीलच, तेव्हा ईदाबाशीला मेट्रोचीच तोझाई लाईन धरायची, फक्त पुढचं भाडं पडतं.

वेळेचं म्हणशील तर इकेबुकुरोच्या गर्दीतून लाईन बदलण्यात एक्सप्रेसचा फायदा जिरतो. बऱ्याच मेट्रो वाकोशीहूनच सुटतात, बसायला जागा मिळते, सकाळच्या वेळी मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

प्रतिसाद २
+१. सासूबाईंचं टेन्शन घेऊ नका. दोन्ही मेट्रो कोताके-मुकाईहारापर्यंत एकाच रुळावरून जातात आणि तिथे सगळ्या गाड्या थांबतात. चुकीच्या गाडीत बसल्या तर तिथे उतरून त्याच फलाटावर दुसरी पकडायची. इकेबुकुरोपर्यंत जाऊन बदलायला सांगू नका, तिथे या दोन लाईनींचे फलाट एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत, वयस्कर माणसाची दमछाक होते. रंग शिकवा, युराकुचो सोनेरी, फुकुतोशिन तपकिरी. अक्षरं वाचण्यापेक्षा ते लवकर जमतं.

अवांतर: हे स्टेशन १९३४ चं, तेव्हा नाव होतं निईकुरा, मग यामातोमाची, आणि वाकोशी झालं १९७० ला. युराकुचो १९८७ ला आली, फुकुतोशिन २००८ ला, आणि योकोहामाकडे थेट गाड्या २०१३ पासून. त्याआधी शिबुयाला बदलावं लागायचं.

धागाकर्ती
ताई, दादा, खूप आभार! मेट्रोचं लिहून देते उद्याच. आता एकच, पास सहा महिन्यांचा एकदम काढावा का आधी महिन्याचा? प्रोबेशन तीन महिन्यांचं आहे.

प्रतिसाद १
मग तीनचा काढ की.