बिनदुधाचा चहा तुमच्याकडे कसा होतो?

मुलुंड

ग्रीन टी आपल्या घरांत शिरला तो औषधाच्या वाटेने. कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलं, कुणाला लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. त्यामुळे तो काढ्यासारखा उकळला जातो, नाक मुरडून घशाखाली ढकलला जातो आणि डबा फडताळात मागे मागे सरकत जातो. मला तो चहा म्हणून आवडतो. माझ्यासारखे आणखी असणार, म्हणून हा धागा.

तुमच्याकडे कोणतं पान येतं, पाणी किती तापवता, किती वेळ ठेवता, घरातलं आणखी कोण पितं, हे सविस्तर लिहा. ग्रीनच हवा असं नाही. ऊलाँग, दार्जिलिंग, काहवा, गवती चहा, सगळं चालेल. वजन किती उतरलं ते मात्र सांगू नका.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग ही सगळी एकाच झुडपाची पानं. खुडलेलं पान चुरगळलं की कापलेल्या सफरचंदासारखं तपकिरी पडत जातं. लगेच उष्णता देऊन हे थांबवलं की ग्रीन टी, पुरतं होऊ दिलं की आपला नेहमीचा काळा, मध्येच अडवलं की ऊलाँग. चीनमध्ये ही उष्णता बहुतेक कढईत देतात, जपानमध्ये वाफेने. चवीतला निम्मा फरक तिथेच पडतो.

निशिकासाई, टोकियो

जपानचं नाव निघालंच आहे तर लिहिते. आमच्या भागात भारतीय घरं बरीच आहेत आणि सकाळी आमच्याकडेही आलं-वेलचीचाच चहा होतो. दुपारी मात्र सेंचा, म्हणजे इथला रोजचा ग्रीन टी. तो करायला मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलं.

दोघांना दोन चहाचे चमचे पान, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. पाणी जेमतेम १६० मिली. इथले पेले आपल्या कटिंगच्या ग्लासाएवढेच, कधी त्याहून लहान. पाण्याला आधण येऊ द्यायचं, मग ते आधी रिकाम्या पेल्यांत ओतायचं. पेले गरम होतात, पाणी मापात येतं आणि थोडं निवतंही. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की साधारण १० अंश उतरतात, असा इथला ठोकताळा आहे. आपल्याला ७० ते ८० अंश हवे असतात. थर्मामीटर लागत नाही, पेला हातात धरवायला लागला की झालं. मग क्यूसूत, म्हणजे बाजूला आडवी दांडी असलेल्या मातीच्या चहादाणीत, पान घालायचं, वर हे पाणी, झाकण, एक मिनिट. ढवळायचं नाही, चहादाणी हलवायचीही नाही.

ओतायचीही रीत आहे. पहिल्या पेल्यात थोडा, दुसऱ्यात थोडा, मग उलट्या क्रमाने परत, म्हणजे दोघांना सारखाच दाट मिळतो. शेवटचा थेंब झटकून काढायचा. तळाशी पाणी राहिलं तर पान त्यात भिजत पडतं आणि त्याच पानाचा दुसरा चहा कडू होतो. दुसऱ्या वेळी पाणी जास्त गरम घ्यायचं आणि जवळजवळ लगेचच ओतायचं.

एवढा खटाटोप कशाला, असं मीही आजींना विचारलं होतं. पानातला गोडसर, रश्श्यासारखा भरदार रस थेअनिनचा, तो कोमट पाण्यातही उतरतो. तुरटपणा कॅटेचिन्सचा आणि कडवटपणाला कॅफीनची साथ. ही दोन्ही पाणी तापेल तशी जोरात सुटतात. उकळतं पाणी ओतलं की तुरट-कडूच पुढे होतात आणि बाकीचं काही जिभेला कळत नाही. म्हणूनच ग्योकुरोला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या उंची ग्रीन टीला, तर ५०-६० अंशच पाणी देतात. त्या झुडपांवर खुडणीआधी सुमारे २० दिवस सावली धरलेली असते. ऊन कमी मिळालं की थेअनिन पानात टिकून राहतं, त्याचं कॅटेचिनमध्ये रूपांतर कमी होतं. पहिल्यांदा घेतलात तर चहाऐवजी कुणी सूप दिलं असं वाटेल.

ज्यांना ही कटकट नको त्यांनी होजिचा आणावा. भाजलेलं पान, खमंग, तपकिरी, कडक पाण्यातही बिघडत नाही. आमची मुलं तोच पितात.

शिझुओकातून रेल्वेने गेलात तर चहाच्या मळ्यांत उंच खांबांवर पंखे दिसतील. पवनचक्क्या नव्हेत त्या. वसंतात कोवळी फूट आलेली असताना रात्री दव गोठलं तर मळा जळतो, म्हणून वरची जरा उबदार हवा हे पंखे खाली ढकलतात. ती पहिली फूट म्हणजे शिंचा. बाजारात आली की आजी मला हाक मारतात.

आणि हो, चांगल्या सेंचाचा चोथा खातातसुद्धा, सोया सॉस घालून. मी भाजलेले तीळ आणि मीठ घालून गरम भातावर घेते. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, “मेथीपेक्षा बरी आहे.”

नागपूर

टोकियोच्या ताईंना एक उपप्रश्न: तुमच्याकडे हा थंड पाण्यात करतात ना? मे महिन्यात पारा ४५ वर असताना आम्ही दुसरं काय करणार! लिटरभर पाण्यात १०-१२ ग्रॅम पान घालून बरणी रात्री फ्रीजमध्ये, सकाळी गाळून घ्यायचा. तुरटपणा नावालाही नाही, साखर आठवत नाही. बाहेर ओट्यावर ठेवू नका, आमच्या उन्हाळ्यात तो आंबेल. माठातल्या पाण्याचा केला तर वाळ्याचा वास चहाला खाऊन टाकतो. आमच्या वडिलांना नेमका तोच आवडतो.

निशिकासाई, टोकियो

करतात. मिझुदाशी म्हणतात. उन्हाळ्यात प्रत्येक घरच्या फ्रीजमध्ये बाटली असतेच. वाळा घालून बघायला हवा!

कोल्हापूर

मी विरोधी पक्षात. आमच्याकडे कोरा चहा म्हणजे एकतर दूध नासलं, नाहीतर पोट बिघडलं. म्हशीचं दूध, त्यात आलं ठेचून, वर साय धरेपर्यंत उकळलेला, तो चहा.

तरी धागा वाचला, कारण वीस वर्षं चहाच्या व्यापारात काढली आहेत. दुधाच्या चहाला नावं ठेवणाऱ्यांना एक सांगतो. आपली भुकटी ज्या सीटीसी यंत्रातून निघते ते १९३० च्या सुमारास आसामात आलं. पान चिरडायचं, फाडायचं, वळायचं. त्याचे बारीक दाणे होतात आणि दोन मिनिटांत सगळा रंग आणि कडकपणा सोडतात. दूध-साखरेपुढे टिकायला असाच गडी लागतो. तुमच्या सेंचात म्हशीचं दूध घातलं तर सेंचाचा पत्ता लागणार नाही. उलट सीटीसी कोरा प्यायचा म्हणजे शिक्षा. दोष दोघांचाही नाही, फक्त जोड्या चुकीच्या लावू नका.

कुन्नूरला एकदा थंडीतल्या खुडणीचा निलगिरी कोरा प्यायलो. लिंबाच्या फुलासारखा वास, कडूपणा काहीच नाही. तो मात्र आवडला. घरी कुणाला सांगितलं नाही.

मुलुंड

विरोधी पक्षाचं स्वागत. तुमचं गुपित आता जगजाहीर झालंय.

ठाणे

नोकरीत काही काळ हिमाचलात होतो, पालमपूरला. मागे धौलाधारचा बर्फ आणि पुढे गुडघ्या-मांडीएवढ्या झुडपांचे उतार. हा भाग कांग्र्याचा. इथला चहा चिनी जातीचा, पान बारीक. एकेकाळी याचं मोठं नाव होतं. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात कारखाने कोसळले, बहुतेक इंग्रज मळेवाले मळे विकून गेले आणि कांग्र्याचं ते वैभव परत आलं नाही. २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण महाराष्ट्रात अजून फारसं कुणी मागत नाही.

माझं ठाम मत आहे की पहिला ग्रीन टी घेताय तर हा घ्या. जपानी पानापेक्षा बराच स्वस्त, आणि थोडा सहनशील. ८० अंशांच्या आसपास पाणी, दोन-अडीच मिनिटं. फिकट सोनेरी उतरतो, गवताचा वास कमी.

हाच चहा अमृतसरच्या बाजारातून काश्मिरात जायचा, अजूनही जातो. काहव्याला तोच लागतो. आपल्याकडे हॉटेलांत काहवा म्हणून दालचिनीचा काढा देतात. श्रीनगरला एका घरी पाहिलं तेव्हा दालचिनी, वेलची आणि केशर पाण्यात आधी उकळलं, मग गॅस बंद करून पान घातलं, झाकलं, गाळलं, वर बदामाचे काप. पान शेवटी. काश्मिरी मिठाच्या, म्हणजे नून चहाची तऱ्हा अगदी उलटी. तिथे पान चिमूटभर सोडा घालून तासभर उकळायचं, गार पाणी ओतायचं, पळीने वरून खाली धार सोडत फेसाळायचं, मग दूध आणि मीठ. गुलाबी होतो. इकडे ८० अंश म्हणणारे तिकडे तासभर उकळताना बघून गप्प बसले असते. मीही बसलो.

नाशिक

मी आहारतज्ज्ञ आहे. वजनावर बोलायचं नाही असं ठरलंय, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक, कोणताही खरा चहा जेवणाबरोबर नको. नाचणी, मेथी, डाळी यांतलं लोह चहातल्या टॅनिन्समुळे अंगाला कमी लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असलेल्या खूप, आणि त्यांतल्या कितीतरी जणी जेवण झालं की लगेच ‘पचायला’ ग्रीन टी घेतात. तासभर जाऊ द्या.

दोन, ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या. कपातला चहा आणि गोळी एक नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर रक्तात यकृताची विकरं वाढल्याची, म्हणजे यकृतावर ताण आल्याची, नोंद आहे. नेहमीसारख्या पाण्यात केलेल्या चहाबद्दल त्यांची तशी तक्रार नाही. व्यायामशाळेत कुणी बाटली हातात दिली तर मागचं लेबल वाचा.

मी स्वतः? दुपारी चारला दार्जिलिंगचा पहिल्या बहराचा, म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा. साखर नाही, बिस्किटं दोन.

लेअर, उत्तर जर्मनी

इथे ग्रीन टीचं फारसं काही नाही, पण हा चहा तुम्हाला ऐकवायलाच हवा. जर्मनी म्हणजे कॉफी असं समजून आम्ही आलो आणि पडलो नेमके ओस्टफ्रीसलांडमध्ये. इथला माणूस वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितो. आणि पान? मुख्यतः आपल्या आसामचं.

पातळ चिनी मातीच्या लहानशा कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्याला क्लुंट्ये म्हणतात. वरून कडक, गरम चहा ओतला की खडा तडकतो. कान दिला तर चटचट ऐकू येतं, आणि सगळे कान देतातच. मग लहानशा पळीने साय कपाच्या कडेने सोडायची. ती बुडते आणि ढगासारखी वर येते. आता चमचा दिसतो म्हणून ढवळायला जाल तर यजमानीण हात धरेल. आधी साय, मग कडक चहा, शेवटी गोड, असं थराथराने प्यायचं. तीन कप घेणं हा शिष्टाचार. पुरे झालं की चमचा रिकाम्या कपात ठेवायचा, नाहीतर चौथा ओतला जातो. ‘पुरे, पुरे’ म्हणत हात आडवा धरणारी आपली माणसं इथे हमखास चार-पाच कप पिऊन येतात.

देशातून येताना आणलेली प्रसादाची बारीक खडीसाखर वापरून पाहिली, ती लगेच विरते. दोऱ्यावरची जाड मिळाली तर जमतं.

पुणे, सदाशिव पेठ

आमचं सुट्या चहाचं दुकान आहे. लोक विचारतात, “चांगला कोणता?” मी आधी विचारतो, पाणी कुठलं येतं? बोअरचं जड पाणी असेल तर कपावर तवंग धरतो आणि नाजूक पानाची चव बसते. अशा घरी महाग दार्जिलिंग देणं म्हणजे गिऱ्हाईक गमावणं. गाळलेलं पाणी वापरा, फरक त्याच दिवशी कळेल.

पान हातावर घेऊन बघा. ग्रीन टीचं पान हिरवटच हवं. तपकिरी पडलेलं आणि वासाला गवताच्या जुन्या गंजीसारखं असेल तर जुना माल. खोक्यावर ‘वापरण्याची मुदत’ बघू नका, पॅकिंगची तारीख बघा. टी-बॅगच्या पुड्यांमध्ये बहुतेक चुरा असतो. तो झटकन उतरतो, त्यामुळे मिनिटाच्या वर बुडवून ठेवलात की कडू. दोरी धरून वरखाली नाचवायचीही गरज नाही. दार्जिलिंगच्या खोक्यावर एसएफटीजीएफओपी अशी लांबलचक आद्याक्षरं असतात, त्यावर भाळू नका. ती पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चवीची हमी देत नाहीत.

आणि कृपा करून चहा मसाल्याच्या मांडणीत ठेवू नका. पान वास ओढून घेतं. एक बाई तक्रार घेऊन आल्या की तुमच्या ऊलाँगला हिंगाचा वास येतो. डबा कुठे असतो, विचारलं. फोडणीच्या डब्याशेजारी. त्यांना दुसरं पाकीट दिलं, आणि घट्ट झाकणाचा डबाही विकला.

रत्नागिरी

गवती चहाचं कुणीच लिहिलं नाही अजून! तो खरा चहा नव्हे, नुसतं सुवासिक गवत, मान्य. पण परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढतो आणि पावसाळाभर लागतो. पाती धुऊन गाठ मारायची, म्हणजे गाळताना त्रास नाही. आल्याबरोबर खळखळून उकळा, याला उकळण्याचं भय नाही. खाली उतरवून थोडं निवलं की त्यात चमचाभर ग्रीन टी घालून दोन मिनिटं झाकते. मुंबईहून येणारे सगळे हाच मागतात. माझी आई त्यात गूळ घालते. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

कोल्हापूर

पुण्याच्या दुकानवाल्यांना: ते थंडीतल्या खुडणीचं निलगिरी ठेवता का? पत्नीने धागा वाचला. तिला प्यायचाय.

पुणे, सदाशिव पेठ

ठेवतो. डिसेंबर ते फेब्रुवारीची खुडणी, आमच्याकडे मार्चमध्ये येते. आधी ५० ग्रॅमच न्या. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, आणि त्या दिवशी म्हैस घरी ठेवा.