मदत हवी आहे: आईची साखर आणि हिरड्यांतला पू, आधी उपचार कशावर?

नमस्कार. आईसाठी विचारतेय. ती निलंगा तालुक्यात गावी असते, मी लातूरला. वय साठीच्या आसपास, मधुमेह जुना, सोबत बीपी. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन. गोळ्या चुकवत नाही, चहा बिनसाखरेचा. तरी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) या वेळी ९.६ आली. आधी ती आठच्या आत असायची.

तिच्या तोंडाची अवस्था वाईट आहे. खालचे पुढचे दात हलतात. हिरड्या फुगून दातांवर चढल्यासारख्या दिसतात आणि बोटानं दाबलं की दाताच्या कडेनं पिवळट पू येतो. तिला विचारलं की म्हणते, "दात हालूलालेत, म्हातारपण हाय, त्यात काय एवढं." पण जन्मभर ज्वारीची कडक भाकरी खाल्लेली बाई आता भाकरी वरणात कुस्करून गिळते. शेंगदाणे, काकडी, हुरडा, सगळं बंद. त्याऐवजी मऊ भात, चहात बुडवलेली बिस्किटं, कधी शिरा. साखर वाढायला हेही एक कारण असेल असं मला वाटतं, पण तिच्या जेवणाबद्दल आजवर कुठल्याच डॉक्टरनं विचारलं नाही.

खरी अडचण पुढे आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, एवढ्या साखरेवर मी दात काढणार नाही, आधी साखर खाली आणा. शुगरचे डॉक्टर म्हणतात, तोंडातलं इन्फेक्शन आहे तोवर साखर खाली येणं कठीण, बहुतेक इन्शुलिन सुरू करावं लागेल. दोघांनाही काळजी आहे, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण मधल्या मधे आईचे हाल होतायत.

गावातून सल्ले येतात ते वेगळेच. दात काढला की नजर जाते, मशीननं साफ केले की चांगले दातही खिळखिळे होतात. आणि हो, आई सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते. बोलले की, "तेवढंच तर एक हाय माझं, ते बी कामून काढून घेतीस?" असं म्हणते. मग माझंच तोंड बंद होतं.

मला एवढंच समजून घ्यायचंय: सुरुवात कुठून करायची? हिरड्यांचा साखरेशी खरंच इतका संबंध असतो का? आणि साखर एवढी असताना दातांचं काहीच करता येत नाही का?

प्रतिसाद (दंतवैद्य, परभणी)

ताई, संबंध खरा आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. साखर जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, जखम लवकर भरत नाही, म्हणून हिरड्या सडतात. उलट हिरड्यांत सतत सूज असली की त्या सुजेतली रसायनं रक्तात जातात आणि शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरते, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आकडा लहान वाटेल, पण गोळ्या आणि जेवण सांभाळून तो वरचा फायदा आहे. त्यामुळे शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या-इन्शुलिन टाळू नका.

दात काढणं आणि हिरड्या साफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काढायला थांबावं लागलं तरी स्केलिंग (दातांवर साठलेला कडक थर काढणं) आणि हिरडीखालची खोल सफाई बहुतेक वेळा साखर उतरायची वाट न बघता सुरू करता येते. पू साठलेला दातही महिनोन् महिने तसाच ठेवणं बरं नाही. शुगरच्या डॉक्टरांकडून आजची साखर, गोळ्यांची यादी आणि "दातांचे उपचार करायला हरकत नाही" असं लिहून आणा. त्या एका चिठ्ठीनं बऱ्याच दंतवैद्यांची भीती जाते. वेळ सकाळची घ्या. आईंना नाश्ता आणि गोळ्या देऊनच आणा. ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, म्हणून एकादशीचा दिवस नको.

तुम्ही लिहिलेलं अ‍ॅम्लोडिपिन महत्त्वाचं आहे. काही जणांच्या हिरड्या त्या गोळीनं फुगतात. गोळी मनानं बंद करू नका, पण हिरड्या फुगल्याचं डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ते दुसरी गोळी देऊ शकतात.

दात काढल्यानं नजर जात नाही, डोळ्याची नस वेगळी. आणि सफाईनं दात हलत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं. वरचा दगडासारखा थर निघाला की फटी उघड्या पडतात आणि दात हलतोय हे जाणवतं, एवढंच.

प्रतिसाद (लातूर)

खर्चाची काळजी असेल तर दंत महाविद्यालयात न्या. लातूरला खासगी आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे, पण निलंग्याहून ते फार लांब पडेल. विद्यार्थी काम करतात, वर शिकवणारे तज्ज्ञ उभे असतात. वेळ जास्त जातो, पण हिरड्यांचा विभाग स्वतंत्र असतो.

मूळ लेखिका

मनापासून आभार. त्या गोळीचं तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी घेते आणि लातूरच्या महाविद्यालयातच नेते. भावाला सांगितलंय, तोवर बिस्किटं बंद, मऊ शिजवलेली मुगाची उसळ आणि अंडं सुरू कर. मिसरीचं काय करू तेवढं सांगा. रागावून उपयोग होत नाही.

प्रतिसाद (दंतवैद्य, परभणी)

रागावू नका. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिची सवय शरीराला लागलेली असते. तंबाखू चालू असेल तर सफाईनंतरही हिरड्या हव्या तशा भरत नाहीत, हे त्यांना आमच्यापैकी कुणाकडून तरी समोर बसवून ऐकू द्या. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६, तिथं सोडण्यासाठी बोलून मदत करतात. आधी संध्याकाळची वेळ सुटली तरी चालेल. आणि तपासणीला गेल्यावर गालाच्या आतली बाजू आणि जिभेखाली बघायला जरूर सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर साखर उतरण्याची वाट बघायची नाही. एचबीए१सी सफाईनंतर तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि आकडा इथे कळवा.