पहाटे पहाटे लीफ ब्लोअर!! तुमची झोप कोण मोडतं?

मोगरा_०७
काल संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, पुण्यात सकाळ. मागून खर्र खर्र खर्र. म्हटलं हे काय गं, तर म्हणे अगं खाली खराटा मारतायत. एकदम आमचा सदाशिव पेठेतला वाडा आठवला, पहाटे आधी हाच आवाज, मग दुधाचे क्रेट, मग आजोबांचा रेडिओ. तेव्हा त्यावरही कुरकुर करायचो आम्ही! आता इथे कॅलिफोर्नियात, बे एरियात दर गुरुवारी सात वाजले की पाठीला लीफ ब्लोअर, म्हणजे वाऱ्याने पानं उडवायचं यंत्र, बांधलेले दोघं बरोबर आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली. नवरा भारतातल्या टीमचे कॉल संपवून रात्री दोनला झोपलेला असतो. आणि पानं किती, तर मूठभर. ती पण शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या हद्दीत ढकलतात, शुक्रवारी तिकडचे लोक तीच परत आमच्याकडे पाठवतात. कॅलिफोर्नियात २०२४ पासून नवे पेट्रोलवाले ब्लोअर विकायला बंदी आलीये पण जुने वापरायला नाही, आणि आमच्याकडचा जुना काही मरत नाही. लिहा तुमचे अनुभव, निदान दुःख वाटून घेऊ.

निवांत
न्यू जर्सी. नोव्हेंबर. ओक आणि मेपल. याहून जास्त काय लिहू.

शेवंता
अगं मोगरा आमच्याकडे तर ओली पानं. पाऊस पडून गेल्यावर ती जमिनीला चिकटतात, हलत नाहीत, आणि हा भला माणूस एका पानामागे लागतो. मी खिडकीतून बघते, मनात म्हणते अरे वाक आणि उचल ना!! बाळ उठलं, नंतर लिहिते

पाना_स्क्रू
मेकॅनिकल वाला म्हणून दोन शब्द. यातल्या बऱ्याच यंत्रांना टू स्ट्रोक इंजिन असतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचं, आपल्या जुन्या स्कूटरला टाकायचो तसं. त्यातलं बरंच इंधन न जळताच बाहेर पडतं म्हणून तो वास. आणि त्याच्या आवाजात खालच्या पट्टीतली घरघर भरपूर असते, ती लांब जाते, भिंतीतून काचेतून आत येते, म्हणून खिडकी लावून काही उपयोग होत नाही. बॅटरीवाला पण ओरडतोच पण दोन घरं सोडून फारसा त्रास नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशोब आहे की मोठा पेट्रोलवाला ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं तेवढं साधी कार १,१०० मैल चालवून होतं.

निवांत
१,१०० मैल म्हणजे १,७७० किमी!! पुण्याहून चंदीगड आलं की. आणि हे आमच्या अंगणातल्या अंगणात

मीठ_भाकर
वॉशिंग्टन डीसीत २०२२ च्या जानेवारीपासून पेट्रोलवाले पूर्ण बंद, ५०० डॉलरपर्यंत दंड. मी नदीच्या अलीकडे व्हर्जिनियात राहते त्यामुळे मला शून्य फायदा 😭

दक्षिणवारा
लॉस एंजेलिसहून. जरा दुसरी बाजू पण लिहितो, राग नको. इथे १९९८ सालापासून घरांच्या ५०० फुटांच्या आत पेट्रोलवाला ब्लोअर चालवायला बंदी आहे. तेव्हा बागकाम करणाऱ्या लोकांनी, बहुतेक सगळे लॅटिनो, सिटी हॉलपाशी उपोषण केलं होतं. कारण त्यांना पैसे घरामागे मिळतात, हातात झाडू आला की दिवसाची घरं कमी होतात, सरळ पोटावर पाय. बंदी अजून आहे, पाळतं कोण, तो भाग वेगळा. पण मला वाटतं भांडायचं असेल तर सातची वेळ देणाऱ्या मॅनेजमेंटशी भांडा, त्या माणसाशी नको. आपल्याला पंधरा मिनिटं, त्याच्या कानाशी दिवसभर तेच.

मोगरा_०७
हे पटलं. मेल टाकला मॅनेजमेंटला, बॅटरीवाला घ्या आणि नऊनंतर या म्हणून. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं, म्हणजे समजून जा

तांबडी_माती
अमेरिकेत पानं उडवायला यंत्र?? आमच्याकडे रत्नागिरीला पातेरा गोळा करायला पहाटे बायका जायच्या, डोक्यावर हे एवढे हारे. गोठ्यात गुरांखाली घालायचा, नाहीतर भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला. फुकट कोण उडवून देणार! खराटा पण घरचाच, माडाच्या झावळीचे हीर सोलून आजी बांधायची.

पेठेतला_पाहुणा
ब्लोअर परवडला हो. आमच्या गल्लीत एकावेळी तीन इमारतींचा पुनर्विकास. कायद्याने (ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम) रात्र दहा ते सहा, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्यामुळे आमचे कॉन्ट्रॅक्टर कायद्याचे फार पक्के, सहा वाजून एक मिनिटाने ड्रिल सुरू. ५५ चं काय ते विचारायचं नाही

सुगरण_नाही
आमच्याकडे वरच्या काकू. साडेपाचला मिक्सर. रोज. खोबऱ्याची चटणी. एकदा विचारायला गेले तर वाटीभर चटणी घेऊन परत आले, आता कुठल्या तोंडाने बोलू

शेवंता
बाळ झोपलं. सुगरण, चटणीत काय घालतात त्या?

सुगरण_नाही
डाळं, हिरवी मिरची, आलं, आणि वरून कढीपत्त्याची फोडणी. लसूण नाही.

पेठेतला_पाहुणा
लसूण नाही?? मग साडेपाचला उठून उपयोग काय

घंटानाद
घंटागाडीचं गाणं कुणीच कसं लिहिलं नाही? तेच गाणं रोज, मुलगा बालवाडीत कविता म्हणून तेच म्हणून आला. बाकी आमच्या सोसायटीत खराटा मारून झाला की पानांचा ढीग तिथेच पेटवतात, आवाज नाही पण घरभर धूर.

तांबडी_माती
जाळायला बंदी आहे ना? हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यावर दंड सांगितलाय, साध्या जाळण्याला ५,००० रुपये. सेक्रेटरीला दाखव.

घंटानाद
सेक्रेटरीच काडी लावतात 🙏

गच्चीवरची
अय्यो जाळू नका!!! पुण्यात ब्राऊन लीफ म्हणून गट आहे, ज्यांच्याकडे सुकी पानं आहेत ते ज्यांना हवीत त्यांना देतात. मी गच्चीवरच्या वाफ्यांना तीच घालते, कुंड्यांवर आच्छादन पण होतं, पाणी कमी लागतं. घंटानाद तुम्ही कुठे राहता? कोथरूडकडे असाल तर पोती घेऊन मीच येते. फक्त आंब्याची वेगळी काढा, ती जाड असतात, कुजायला फार वेळ घेतात.

घंटानाद
कोथरूडच. आंबा नाहीये, बहुतेक कडुनिंब आणि रेन ट्री. पानगळ आत्ता जोरात आहे, रविवारी या, पाच सहा पोती सहज निघतील. सेक्रेटरींच्या आधी पोचा म्हणजे झालं, ते सातला काडेपेटी घेऊन खाली उतरतात.

गच्चीवरची
रविवारी सातच्या आत?? बघते बाई. नवऱ्याला पाठवते.