मदत हवी आहे: साईटवरच्या फर्निचर कामासाठी ट्रॅक सॉ, डस्ट एक्स्ट्रॅक्टर आणि डॉमिनो (बजेट साडेचार लाख)

नमस्कार मंडळी,

कुडाळला एमआयडीसीच्या बाजूला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. मला धरून आम्ही सहा जण. निम्मं काम वर्कशॉपमध्ये होतं, निम्मं साईटवर. पूर्वी साईट म्हणजे मालवण-सावंतवाडी, आता जास्त करून गोवा, पर्वरी आणि आसगावच्या बाजूचे बंगले. वॉर्डरोब आणि किचन प्लायवुडमध्ये, पलंग, टेबलं आणि दारं सागात. जुन्या घरांची कामं आली की फणसही येतो.

आजवर सगळं कटरवर चाललंय. या धंद्यातल्यांना वेगळं सांगायला नको: मार्बल कटर, त्याला लाकडाचं चार-पाच इंची ब्लेड, आणि बहुतेक ठिकाणी गार्ड काढून ठेवलेलं. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे फिरणारं ब्लेड एका हातात. स्वस्त आहे, कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होतं, म्हणून टिकलंय. पण आता कामाची अपेक्षा बदलली आहे. सनमायका लावलेल्या बोर्डाची कड जराशी जरी फुटली, तरी आर्किटेक्ट मोबाईलच्या टॉर्चने दाखवतो आणि अख्खं शटर (कपाटाचं दार) परत करायला लावतो. आणि साईट म्हणजे आता रिकामं घर राहिलेलं नाही. एसी बसलेत, इटालियन मार्बल पॉलिश झालंय, वरच्या मजल्यावर माणसं राहायला आलीत. तिथे भुशाचा ढग चालत नाही.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. माझ्याकडचे दोन मिस्त्री वडिलांच्या वेळेपासून आहेत. एकाला बारा महिने खोकला. दुसऱ्याच्या डाव्या हाताची तर्जनी वरच्या पेऱ्यापासून नाही, आमच्याकडे यायच्या आधीच एका ठिकाणी गेली. नवीन दोन मुलं विशीतली आहेत. ती माझ्याकडे असेपर्यंत त्यांची बोटं आणि छाती शाबूत राहावी, एवढी व्यवस्था मला करायचीच आहे.

बजेट साडेचार लाख, १८ टक्के जीएसटी धरून. जीएसटी क्रेडिट मिळतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी ओढाताण चालेल.

पहिला पर्याय सगळे सुचवतात तो: स्लायडिंग टेबलची पॅनल सॉ. खालून छोटं स्कोअरिंग ब्लेड आधी रेघ मारतं, मागून मोठं ब्लेड कापतं, दोन्ही बाजू स्वच्छ. कापाबद्दल वादच नाही. पण तिला थ्री फेज हवा, पूर्ण ८ बाय ४ फुटी बोर्ड फिरवायचा तर मोठी जागा हवी, आणि ती साईटवर येणार नाही. माझा कल म्हणून ट्रॅक सॉकडे आहे, म्हणजे बोर्डावर ठेवलेल्या रेलवरून सरकवत चालवायची गोल ब्लेडची सॉ. यात चूक होतेय असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

ट्रॅक सॉमध्ये तीन नावं काढली आहेत. फेस्टूल टीएस ५५ (१६० मिमी ब्लेड, ५५ मिमी खोली), मकिता एसपी ६००० (१६५ मिमी, ५६ मिमी खोली, १३०० वॅट) आणि बॉश जीकेटी ५५ (१६५ मिमी, १४०० वॅट). मुंबईला एका प्रदर्शनात फेस्टूल हातात घेऊन पाहिली. रेलच्या कडेला जी रबराची पट्टी असते ती पहिल्याच कापात ब्लेड स्वतःच्या मापाने छाटून घेतं. त्यानंतर पेन्सिलच्या खुणेवर पट्टीची कड ठेवली की काप बरोबर तिथेच. ब्लेडची रुंदी वजा करायची नाही, गुण्या लावून दुसरी फळी क्लॅम्प करायची नाही. आणि ती पट्टी वरून लॅमिनेट दाबून धरते, म्हणून दात वर येताना कड उचलली जात नाही. आमच्या मोठ्या मिस्त्रींनी त्या कापावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "ह्याका रंधो नको."

माझी खरी अडचण दुरुस्तीची आहे. कटरचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारेच्या गुंडाळीचा भाग) जळलं तर कुडाळातला वायंडिंगवाला दुसऱ्या दिवशी देतो. पण मागे लाकडाला खाचा मारायचं एक महागडं राऊटर एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवलं, तर स्पीड कंट्रोलच्या एका सर्किटसाठी ते कित्येक आठवडे तिथेच पडून राहिलं. पार्ट येतोय, येतोय, एवढंच उत्तर. साईट चालू असताना हे परवडत नाही. तर ज्यांच्याकडे यातलं कुठलंही यंत्र रोज चालतं, त्यांनी कृपया सांगा: कोल्हापूर, बेळगाव, पणजी या पट्ट्यात सर्व्हिसचा अनुभव कसा आहे? ब्रशवाली (कार्बन ब्रशची) मोटर घ्यावी की ब्रशलेस (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालणारी)? ब्रशलेसची कार्यक्षमता मान्य आहे, पण तिचा कंट्रोलर गेला तर आपल्याकडे हात लावणारा कोण?

दुसरी गोष्ट डस्ट एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे यंत्राला नळी जोडून भुसा ओढून घेणारा व्हॅक्युम. एल क्लास की एम क्लास (धूळ गाळण्याचे दर्जे), यावर दुकानदार बोलायलाच तयार नाहीत. "व्हॅक्युम घ्या, सगळे सारखेच," म्हणतात. मला ते पटत नाही.

तिसरी, डॉमिनो डीएफ ५००. सागाच्या पलंगांना आणि दारांना आम्ही आजही कुसू-खाचेचा सांधा करतो (एका लाकडाची जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत), खाच पटाशीने. सांधा उत्तम होतो, पण एका दाराला वेळ किती जातो हे तुम्ही जाणता. डॉमिनो ४ ते १० मिमी जाडीच्या गुल्ल्यांसाठी (दोन्ही तुकड्यांच्या खाचेत बसणारे सुटे लाकडी कुसू) खाच मारते, कटर फिरता फिरता डावी-उजवीकडे हलतो. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये एकटीच लाखाच्या घरात जाते. मुख्य दाराच्या जाड चौकटीला डीएफ ५०० पुरेल का? तिची खोली २८ मिमीपर्यंतच आहे. आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्या बीच नावाच्या लाकडाच्या गुल्ल्या फुगतात का?

शेवटचं: न्यू जर्सीचा मेव्हणा दिवाळीला येतोय. तिथून ट्रॅक सॉ आणू का म्हणतो. आणावी का?

---

प्रतिसाद (पुणे, मॉड्युलर किचनचं काम)

दादा, कल बरोबर आहे. ज्याचं निम्मं काम साईटवर, त्याने आधी ट्रॅक सॉच घ्यावी. पॅनल सॉ लागेल तेव्हा जवळच्या एखाद्या फॅक्टरीतून मोठी ऑर्डर कापून आणा, आम्ही सुरुवातीची वर्षं तेच केलं.

मी मकिता वापरतो. तिच्यात एक छोटा खटका आहे, तो लावला की ब्लेड दोन-तीन मिमीच उतरतं. आधी त्या खोलीने एक हलका हात मारायचा, मग खटका काढून पूर्ण काप. लॅमिनेटची कड काचेसारखी येते. साईटवर पॅनल सॉच्या स्कोअरिंगला याहून जवळचं काही नाही. मकिताची सॉ फेस्टूलच्या रेलवर चालते आणि उलटही, त्यामुळे पुढे बदल करायचा तर रेलचे पैसे वाया जात नाहीत. बॉशची रेल वेगळी आहे, ती माफेल या दुसऱ्या कंपनीच्या सॉशी जुळते. घेताना हे डोक्यात ठेवा.

रेलबद्दल: ८ फुटी काप उभा मारायचा तर २४४० मिमीच्या दोन्ही टोकांना रेल पुढे हवीच. १४०० च्या दोन जोडल्या की २८०० होते. पण जोडताना आधी लांब सरळपट्टी कडेला टेकवा आणि मगच जोडपट्टीचे स्क्रू आवळा, नाहीतर मध्ये बारीक कोन राहतो आणि दोन शटरं शेजारी लावली की तो दिसतो. तीन मीटरची एकसंध रेल सगळ्यात चांगली, फक्त ती छोटा हत्तीतून मागे बाहेर येते.

ब्लेडमध्ये काटकसर करू नका. प्लायला आलटून-पालटून तिरके दात, लॅमिनेट आणि एमडीएफला ट्रिपल चिप (एक दात सपाट, पुढचा कोपरे तासलेला), ४८ च्या आसपास दात. सोबत येणारं ब्लेड बहुधा सर्वसाधारण असतं. त्याच्यावर लॅमिनेट कापून सॉला नाव ठेवणारे बरेच पाहिलेत.

मोटर ब्रशवालीच घ्या. तुमच्या वायंडिंगवाल्याला आर्मेचर येतं. ब्रशलेसच्या बोर्डाला तो हात लावणार नाही, लावूही नये.

---

प्रतिसाद (स्टुटगार्टजवळ, जर्मनी)

माझं ऑफिस वेंडलिंगेनपासून फार लांब नाही, म्हणजे फेस्टूलच्या गावाजवळच. पण लिहितोय ते एक्स्ट्रॅक्टरबद्दल. सगळे सारखे मुळीच नाहीत. एल क्लासमध्ये फिल्टरमधून एक टक्क्यापर्यंत धूळ निसटलेली चालते, एम क्लासमध्ये ०.१ टक्का. दहापट फरक. एम क्लासला हवेचा वेग कमी झाला की भोंगाही वाजतो, म्हणजे पिशवी भरली तरी काम रेटत राहणं होत नाही. इथे कामाच्या जागी लाकडाच्या धुळीची मर्यादा हवेच्या घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे आणि सुतारांकडे एम क्लासच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातली. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग, कठीण लाकडाच्या धुळीशी त्याचा संबंध जास्त. प्लाय आणि एमडीएफच्या भुशात सरसातलं फॉर्मल्डिहाइड असतं ते वेगळंच. तुमच्या मिस्त्रींना एकदा छातीच्या डॉक्टरांकडे नक्की न्या.

नळी अँटिस्टॅटिक घ्या, नाहीतर कोरड्या दिवसांत शॉक बसतो. आणि सॉचं सॉकेट एक्स्ट्रॅक्टरवरच असतं, सॉ सुरू केली की तो आपोआप चालू होतो. पण दोघांचे मिळून साधारण २४०० वॅट होतात, २३० व्होल्टला दहा अँपिअरच्या वर. घरातल्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर लावू नका, १६ चा शोधा. सॉकेट युरोपियन पद्धतीचं आलं तर भारतीय पिन बसेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

अमेरिकेतून विजेवर चालणारी सॉ आणू नका. ती १२० व्होल्टची असते, आपल्या २३० वर लावली तर मोटर जळणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर किमान २-३ केव्हीएचा लागेल आणि तो गोव्यातल्या तिसऱ्या मजल्यावर तुमच्या मुलांना उचलावा लागेल. वॉरंटीही तिथलीच. बॅटरीची आणायची तर चार्जरचं व्होल्टेज बघा, बॅटरी केबिन बॅगेतच ठेवायला सांगा. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास, ती १०० च्या आत बसते. ४० व्होल्टची ४ अँपिअर-तासवाली त्याच्या वर जाते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते. मेव्हण्यांना चांगली ब्लेडं आणायला सांगा, फक्त मधलं भोक २० मिमीचं आहे ना एवढं पाहून.

---

प्रतिसाद (नाशिक, सागाची दारं-खिडक्या)

डॉमिनो दोन वर्षं वापरतोय. पलंग, टेबल, कपाटाची दारं यांना डीएफ ५०० भरपूर. मुख्य दाराला मी ती वापरत नाही. त्याला डीएफ ७०० हवी, १४ मिमी जाडी आणि ७० मिमी खोली. वर्षाला मोजकी मुख्य दारं असतील तर ती तुमच्या मिस्त्रींच्या हातचीच होऊ द्या, त्यांच्या कुसवाला तोड नाही.

बीचच्या गुल्ल्या फुगतात, कोकणात तर नक्कीच. मग खाचेत जात नाहीत आणि माणसं हातोडी मारून फळी फोडतात. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. लागतील तेवढ्याच काढा. फुगल्याच तर जरा उबेला ठेवल्या की परत बसतात. बाहेरच्या कामाला सिपो लाकडाच्या मिळतात, पावसाला त्या बऱ्या.

बिस्किट जॉइनर (चपट्या लाकडी चकत्यांसाठी खाच मारणारं यंत्र) स्वस्त पडतो, पण तो फळ्या सरळ रेषेत आणण्यापुरता. पलंगाच्या पायाचा भार त्याच्यावर टाकू नका.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं उत्तर एकाही दुकानात मिळालं नव्हतं.

ठरवलं असं: आधी ट्रॅक सॉ आणि एम क्लास एक्स्ट्रॅक्टर, दोन्ही एकदमच. सॉ आधी घेऊन एक्स्ट्रॅक्टर पुढच्या वर्षी, असं केलं तर तो पुढचं वर्षच राहील हे मला दिसतंय. उरलेल्या पैशात डीएफ ५०० बसते का ते बघतो, नाहीतर तिला पावसाळ्यानंतर. मोठ्या मिस्त्रींची तपासणी याच महिन्यात ओरोसला जिल्हा रुग्णालयात करून घेतो.

दोन गोष्टी अजून अडल्यात. पुण्याच्या दादांना: मकिता फेस्टूलच्या रेलवर ४५ अंशात कलवून कापताना उलटायला बघते का? सॉला रेलवर अडकवून ठेवणारा खटका दोघांचा वेगळा असतो असं ऐकलंय, आणि आम्हाला किचनच्या कोपऱ्यांना मायटर (४५ अंशात कापून जोडलेले सांधे) बरेच लागतात. दुसरं, कोल्हापूर किंवा बेळगावात १६०-१६५ मिमीच्या कार्बाइड ब्लेडला ट्रिपल चिपची धार मूळ कोनात लावून देणारं कुणी माहीत आहे का? आमच्याकडे धारवाले सगळे दात एकसारखे सपाट घासून देतात.