जलरंगांची चित्रं काचेला टेकवू नका
हॉलमध्ये लावायचं जलरंगाचं चित्र फ्रेम कसं करावं, या चर्चेत एकाने सुचवलंय: 'जलरंगाचं चित्र थेट काचेला टेकवून फ्रेम करा, माउंटचा (चित्र आणि काचेच्या मध्ये बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीचा) खर्च वाचेल.' खर्चाची अडचण खरी आहे, पण मुंबईत हे कृपा करून करू नका. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला बाष्प धरतं, कागद तिथे चिकटतो आणि चित्रातल्या वरळी कोळीवाड्याच्या आभाळात तपकिरी ठिपके उमटतात. ती बुरशी असते, पुसून जात नाही. मध्ये निदान दीड-दोन मिलिमीटरचा आम्लमुक्त माउंट हवाच. चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांवर टांगा. चारही कडा चिकटवल्या की दमट हवेत कागदाला फुगायला जागा उरत नाही आणि लाटा येतात. सेलोटेप तर नकोच, पिवळी पडून डाग सोडते.

भिंतीचा विषय मात्र चर्चेत कुणीच काढला नाही. हॉलची बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे ५ मिमी जाड तुकडे लावा, हवा खेळती राहते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा, आणि जलरंगांवरचा उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास.