मदत हवी आहे: ‘रन’चा शब्दशः अर्थ कुठे संपतो?

नमस्कार मंडळी. दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. सध्या ‘रन’ या क्रियापदावर अडले आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याचे ६००हून जास्त अर्थ नोंदलेले आहेत, त्यामुळे पाठांतराचा मार्ग बंदच.

मुलगा धावतो, हे सरळ. ‘रनिंग फॉर प्रेसिडेंट’ म्हणजे निवडणूक लढवणं, हे उघडच लाक्षणिक. माझी खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. ‘द रिव्हर रन्स’, ‘द इंजिन इज रनिंग’, ‘माय नोज इज रनिंग’. इथे पाय कुणालाच नाहीत, पण इंग्रजी माणसाला यात अलंकार जाणवतही नसावा. शिवाय मराठीत नदी आणि नाक वाहतं, इंजिन मात्र चालतं. म्हणून मुलं गोंधळतात. (‘द रोड रन्स नॉर्थ’मध्ये तर काहीच हलत नाही!)

मला वाटतं, गती आणि सातत्य हे धागे धरून शिकवावं. पण ‘रन आउट ऑफ शुगर’ (साखर संपणं) त्यात कसं बसवायचं? अशा रुळलेल्या वापरांना लाक्षणिक म्हणावं की वेगळा अर्थच मानावा? वर्गात कुणी हे शिकवलं असेल तर क्रम आणि उदाहरणं कृपया सांगा.